बिजलीच्या पोटात काय होतं

दिवाळीत लोक काशीला जातात, केरळला जातात, ज्यांची मुलं परदेशी आहेत ते मुलांकडे जातात. मी जालना जिल्ह्यात एक गाय बघायला गेले. चिपळूणच्या माझ्या शेजारणीला हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते पाहिलं. तिचंही फार चुकलं नाही. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि गाय रस्त्यात बसलेली असते. दोघांचा काही संबंध असेल असं कधी मनातही येत नाही.

हे खूळ माझ्या भाचीचं. केतकी जनावरांची डॉक्टर आहे, पण दवाखाना चालवणारी नव्हे; ती एका संशोधन संस्थेत काम करते. तिचा सध्याचा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. दुधाच्या धंद्यात वासरू जन्मलं की लवकरच त्याला आईपासून तोडतात, म्हणजे विकायला दूध जास्त उरतं. केतकीचा अंदाज असा, की वासरू दिवसातला काही वेळ आईजवळ राहिलं तर गाय जास्त वर्षं निरोगी राहील, कासेची दुखणी कमी होतील, वासरू दणकट होईल, आणि शेवटी मालकाचंही नुकसान होणार नाही.

"असं आपलं तुला वाटतं," मी म्हटलं.

"म्हणून तर मोजतेय. तूच ये आणि बघ. घरी बसून तरी काय करणार आहेस? चकल्या?"

हे मात्र मला लागलं. मी बॅग भरली.

मस्तगड

जालन्यात केतकी उतरते ती मस्तगडात, सुगनचंदजींच्या घरी. खाली पेंडीचं दुकान, वर राहतं घर. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रागावले की दोन्ही. सरकीचं तेल काढल्यावर जी पेंड उरते तिला इकडे ढेप म्हणतात. त्या दुकानात पाऊल टाकल्याबरोबर तिचा तेलकट, गोडसर वास नाकात बसला तो दुसऱ्या दिवसापर्यंत हलला नाही. केतकीच्या प्रयोगातल्या गाईंसाठी ढेप इथूनच जाते, आणि ती निवडून द्यायची जबाबदारी सुगनचंदजींनी आपणहून घेतली आहे.

"ही बघा ताई," एक तुकडा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "ही चांगली. आता ही दुसरी. वास घ्या. आला ना बुरशीचा? ही जनावराला बिलकुल द्यायची न्हाई, दुधात उतरती. तुमच्या डॉक्टरीण बाईंनी मला इतकं भिवडवून ठेवलंय, मी आता सकाळी पहिले ढेप हुंगतो, मंग चहा पितो."

वर सुगनचंदजींच्या पत्नी कांताभाभींनी बेसनाच्या गट्ट्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा असं जेवण वाढलं. राजस्थान आणि मराठवाडा एकाच ताटात, आणि दोघांनाही तुपाचं वावडं नाही. मी पोटावर हात ठेवून पुरे म्हटलं की त्या "बस, एक" म्हणायच्या. त्यांच्या 'एक'चा अर्थ मला जेवण संपेपर्यंत कळला नाही. आमच्याकडे कोकणात पाहुणा नको म्हणाला की यजमान जरा वाईट वाटल्याचं दाखवतो आणि भांडं झाकून ठेवतो. इथे नको म्हणणं ही वाढायची खूण असावी.

सकाळी निघताना, केतकी खाली ढेपेची पोती बघत असताना, भाभींनी एक मोठा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "लापशी हाय. गहू, गूळ, घर का घी. आमची बछबारस भादव्यातच झाली, पण गाईला देणं कधीबी चालतं. तुमच्याकडची वसुबारस आज हाय ना? माझ्याकडून बिजलीला द्या."

मी डबा घेतला. कुणी प्रेमानं दिलेला डबा परत कसा करतात हे मला अजूनही माहीत नाही.

केदारखेड्याकडे

भोकरदनच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला कापूस. बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. कापसानं फुगलेला एक टेम्पो आमच्यापुढे असा काही डुलत होता, की केतकीनं त्याच्या मागे राहण्यातच शहाणपण मानलं. तुरीला पिवळी फुलं आली होती. पूर्णेचा पूल ओलांडून गाडी कच्च्या रस्त्याला वळली आणि एका वस्तीवर थांबली.

ही दत्ता आणि रुक्मिणची वस्ती. दत्ता उंच, तोंडानं तापट. त्याची बायको रुक्मिण कमी बोलणारी, पण गोठ्यात तिचाच हुकूम चालतो. दत्ताची आई गिरजाबाई, वाळलेल्या खारकेसारखी बारीक आणि तितकीच चिवट. मी गाडीतून उतरले, गोठ्याकडे निघाले आणि मोरीतल्या ओलाव्यावर सपशेल घसरले. गिरजाबाईंनी हात देऊन उठवलं. "लक्षात ऱ्हाईल आता वस्ती," त्या म्हणाल्या.

बिजली तांबूस रंगाची संकरित गाय, कपाळावर पांढरा पट्टा. नाव बिजली, चाल मात्र अशी, की तिला पाण्याच्या हौदापर्यंत जाताना बघून मलाच जांभई आली. रुक्मिणनं ती माहेराहून कालवड असताना आणली होती, त्यामुळे गाय तिची, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. तिच्या गळ्यात केतकीनं एक पट्टा अडकवला होता. गाय किती वेळ रवंथ करते ते त्याला कळतं आणि तो ते केतकीच्या फोनवर पाठवतो. "गाईची तब्येत तिच्या जबड्यात असते," केतकी म्हणाली. "रवंथ चालू आहे तोवर चिंता नाही."

शेजारी वासरू होतं. आईच्याच रंगाचं, ओलसर नाकाचं, सारखं ढुशा देणारं. आजूबाजूच्या वस्त्यांवर गाई पुष्कळ, पण वासरू आईजवळ असलेली ही एवढीच. बाकी ठिकाणी वासरं दूर बांधलेली किंवा विकलेली. दत्ताला हा प्रयोग पहिल्यापासून पसंत नव्हता. रुक्मिणनं हट्टानं हो म्हटलं होतं. गिरजाबाई मात्र खूश होत्या. "आमच्या टायमाला असंच असायचं. आता त्याला संशोधन म्हणून राह्यले," त्या मला म्हणाल्या आणि मिश्किल हसल्या.

लापशीचा डबा मी त्यांच्याच हातात दिला. कुणी दिला तेही सांगितलं. त्यांनी तो कपाळाला लावून आत नेला.

वसुबारस

आमच्या चिपळुणात वसुबारसेला मी दारात गाय-वासराची रांगोळी काढते आणि तिलाच हळदकुंकू वाहते. या वस्त्यांवरही गेली काही वर्षं असंच चाललं होतं. पूजा करायची ती वासरासह असलेल्या गाईची, आणि तशी गाय आता सापडत नव्हती, म्हणून बाया पाटावर मातीची गाय-वासरं मांडून भागवत होत्या. यंदा खरी होती. ही गोष्ट केतकीच्या ध्यानात आली नव्हती, आणि प्रयोगाच्या आखणीत लिहायची तर कोणत्या रकान्यात लिहिणार?

दुपारी रुक्मिणनं सांगितलं, की संध्याकाळी शेजारपाजारच्या बाया पूजेला येणार आहेत. केतकीनं ओसरीवर जमलेल्यांना नीट समजावलं. गाईच्या पोटात चारा मुरवणारे बारीक जीव असतात, त्यांना वैरणीची सवय असते. एकदम धान्य, पीठ, गोड पडलं तर पोट आंबतं आणि गाय त्यानं दगावू शकते. "कुंकू लावा, ओवाळा, फुलं वाहा. खायला फक्त मूठभर हिरवं गवत."

"बराबर हाय," गिरजाबाई म्हणाल्या. बाकीच्यांनीही माना हलवल्या. केतकीला बरं वाटलं. मग भोकरदनकडच्या प्रयोगातली दुसरी गाय विते आहे असा फोन आला आणि ती गाडी घेऊन गेली.

दिवे लागायच्या वेळी बाया येऊ लागल्या. दिवसभर कापूस वेचून, मग अंघोळ करून, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. प्रत्येकीच्या ताटात निरांजन, कुंकू आणि वरून पदर झाकलेला. मी थोडा वेळ गोठ्यात उभी राहिले. बिजलीच्या कपाळावरचा पांढरा पट्टा कुंकवानं लाल झाला होता आणि वासरू बिथरून तिच्या पोटाखाली शिरलं होतं. एका बाईनं त्याचे खूर धुतले आणि डोळ्यांना पाणी लावलं. मला भरून आलं. मग रुक्मिण मला हाताला धरून आत घेऊन गेली. आज इकडे गहू आणि दूध वर्ज्य. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, असा बेत. भाजीला शेंगदाण्याचा कूट इतका सढळ हातानं होता, की गवार शोधावी लागली आणि ते मला फार आवडलं. बाहेर घंटी वाजत होती, हसणं ऐकू येत होतं. मी आत जेवत होते आणि बाहेर बिजलीही जेवत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

धनत्रयोदशीची सकाळ

पहाटे केतकीच्या उशाशी फोन कर्कश वाजायला लागला. ती रात्री उशिरा परतली होती. फोनकडे एक नजर टाकून ती उठून बसली. "रवंथ बंद पडलाय."

"पट्टा सैल झाला असेल."

"तेवढंच असू दे," असं म्हणत ती अनवाणी गोठ्याकडे धावली.

पट्टा जिथल्या तिथे होता. बिजली मान खाली घालून उभी होती आणि करकर दात खात होती. तो आवाज मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. कान गार. शेण पाण्यासारखं पातळ, त्याला ताकाची कळशी उन्हात राहिल्यासारखा आंबूस वास. वासरू कासेला ढुशा देत होतं आणि बिजली त्याच्याकडे वळूनही बघत नव्हती. केतकीनं तिच्या तोंडातून एक लांब नळी पोटात घातली, थोडं पाणी ओढून काढलं आणि त्यात रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बघून तिचा चेहरा उतरला.

"आंबलंय. सगळं कोठीपोट आंबलंय. काय खाल्लंय हिनं?"

दत्तानं बोंब ठोकली तशी वस्ती गोळा झाली. कालच्याच बाया, आज घरच्या साड्यांत, पदर तोंडाला लावून. केतकी एकेकीला विचारत गेली. "गवत," पहिली म्हणाली. "गवतच," दुसरी म्हणाली. तिसरीनं नुसती मान हलवली. गिरजाबाई खाली जमिनीकडे बघत होत्या.

"गवतानं असं होत नाही हो!" केतकीचा आवाज चिरकला. मग तिनं स्वतःला सावरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नीट ऐका. थोडंसं काही खाल्लं असेल तर खाण्याचा सोडा पाजून, औषध देऊन ती बरी होईल. तशात मी उगाच पोट फाडलं तर त्या ऑपरेशननंच जाईल. पण जास्त खाल्लं असेल तर सोडा काही कामाचा नाही, पोट उघडून सगळं बाहेर काढावं लागेल, आणि तेही आत्ता. मी सोड्याची वाट बघत बसले तर दुपारपर्यंत ती आडवी होईल. किती खाल्लं एवढंच मला कळायला हवं. कोणी दिलं ते नको."

बिजलीच्या दातांचा आवाज तेवढा येत होता. मला इतका संताप आला, की वाटलं या सगळ्यांना खांद्याला धरून गदागदा हलवावं. माझी लापशीही त्या पोटात असणार हे मला एव्हाना उमगलं होतं, आणि त्यामुळे तो संताप कुणावर काढावा तेही कळेना.

रुक्मिणनं मला बाजूला ओढलं. "मावशी, त्या न्हाई सांगायच्या. वसुबारसेला गाईला दिलेलं तोंडानं बोलून दाखवायचं नसतंय. बोललं की दिलेलं फुकट जातं. माझी गाय मरून राह्यली न् मलाबी विचारता येईना त्यांना."

"तू दिलंस का काही?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं नाही. तिचे डोळे भरले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते आलं. मी ओसरीवर पडलेली ताडपत्री उचलली आणि अंगणात अंथरली. "बायांनो, काही बोलू नका," मी म्हटलं. "एक शब्द नको. घरी जा, आणि काल ताटात जे होतं, जेवढं होतं, तेवढंच मापानं आणून इथे टाका. शिजवलेलं नसेल तर कच्चं आणा. फक्त दाखवा. दाखवायला बंदी नाही ना?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग गिरजाबाई उठल्या. आत गेल्या, सूपभर गव्हाचं पीठ घेऊन आल्या आणि ताडपत्रीवर ओतलं. त्यावर गुळाचा खडा ठेवला. पुन्हा आत गेल्या आणि कांताभाभींचा डबा गव्हानं काठोकाठ भरून घेऊन आल्या. तो ओतताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तो माझा," मी मोठ्यानं म्हटलं, कारण मला कुठलंही व्रत नव्हतं.

मग एकेक सुरू झाली. कुणी ओंजळभर बाजरी, कुणी भिजवलेले हरभरे, कुणी पिठाचे उंडे. एकीनं शिळ्या भाकरींची चवड आणली. एकीनं तांदूळ आणले आणि मागे सरकली, मग काहीतरी आठवल्यासारखी परत गेली आणि तेवढेच पुन्हा घेऊन आली. शेजारच्या वस्तीवरच्या बायांना निरोप गेला, त्याही आल्या. रुक्मिणही पदराआडून परात घेऊन आली आणि तिनं ती उपडी केली. प्रत्येकीनं दिलं होतं ते खरंच एवढंसं होतं. प्रत्येकीला वाटलं होतं, माझ्या एवढ्याशानं काय होतंय. पण ताडपत्रीवर आता ढीग झाला होता. धान्य, पीठ, गूळ, भाकरी यांचा गुडघ्याएवढा ढीग. एक पोरसवदा सून रडायला लागली.

केतकीनं ढिगाकडे बघितलं आणि पाण्याच्या बादलीत हात बुडवले. "पोट उघडायचं."

"सणासुदीला गाईचं पोट फाडता?" दत्ता मध्ये आला. "काहून? मी म्हणतो सोडा पाजू, माळव्याचा पाला देऊ. फाडायचं न्हाई. मेली तर गाव म्हणंल, आम्हीच कापली."

"दत्ता," रुक्मिण म्हणाली. नवऱ्याला तिनं चारचौघांत नावानं हाक मारली होती. सगळ्यांनी वळून बघितलं. "गाय मपली हाय. फाडा, डॉक्टरीण बाई. जल्दी."

तालुक्याचे डॉक्टर दुसऱ्या टोकाला एका अडलेल्या म्हशीपाशी होते. त्यांनी फोनवर केतकीला धीर दिला आणि दवाखान्यातून हत्यारांची पेटी न्यायला सांगितली. दत्ता धुसफुसत का होईना, मोटरसायकलवर गेला आणि धूळ उडवत पेटी घेऊन आला. केतकीनं मला हळूच सांगितलं, "मावशी, मी हे शेवटचं केलं त्याला वर्षं झाली. आता मी नुसते आकडेच बघते गं." मी तिच्या हातावर पाणी ओतत राहिले. दुसरं काय करणार?

बिजलीला भिंतीला लावून उभं केलं. दत्तानं मुंडकं धरलं. डाव्या कुशीवरचे केस भादरले, जागा बधिर केली. केतकीनं पहिली चीर दिली तेव्हा मी डोळे मिटले, आणि मिटलेले बरे नाहीत म्हणून उघडले. आतलं पोट तिनं बाहेर ओढून धरलं आणि उघडलं. जो आंबट भपकारा आला त्यानं दोन माणसं गोठ्याबाहेर पळाली.

"आता हे कडेनं धरून ठेवावं लागेल, थेंबही आत सांडता कामा नये," केतकी म्हणाली. "माझे दोन्ही हात अडकले. कोणीतरी हात आत घालून उपसायला हवं. बारीक हाताचं माणूस हवं."

गिरजाबाईंनी बांगड्या मागे सारल्या, साबणानं खांद्यापर्यंत हात धुतला आणि पुढे आल्या. "मीच घातलंय, मीच काढते," त्या म्हणाल्या.

त्या काढत राहिल्या. फुगलेला गहू, न चावलेले हरभरे, पिठाचा लगदा, ओंजळीवर ओंजळ. हात भरून आला की त्या क्षणभर थांबायच्या, ओठ आवळायच्या आणि पुन्हा खोल हात घालायच्या. सून रुक्मिण पाट्या ओतून येत होती. एकदा बिजलीचे पाय लटपटले आणि दत्ता ओरडला, "ऊठ माझे माय, उभी ऱ्हा!" आणि तो तापट माणूस गाईच्या शिंगांना कपाळ लावून हुंदके द्यायला लागला. बिजली उभी राहिली.

पोट रिकामं झालं. केतकीनं आत सोड्याचं पाणी फिरवलं. मग म्हणाली, की आतले जीव मेलेत, नवे घालायला हवेत. कुण्या निरोगी, नुसत्या कडब्यावर असलेल्या गाईच्या पोटातला रस नळीनं काढून इथे ओतायचा. हे ऐकताच बायांचा एकच गलका झाला. "आमच्या गाईचा घ्या." "आमची बिलकुल निरोगी हाय, बघा चलून." केतकीनं थकलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकीचाच," ती म्हणाली, "मी निवडेन, आणि तुम्ही रागवायचं नाही." तिनं शेजारच्या वस्तीवरची एक काळी गाय निवडली. तिची मालकीण गर्वानं फुलली, पण कुणी काही बोललं नाही.

टाके घालून झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. केतकी मातीतच भिंतीला टेकून बसली. प्रयोगातून ही गाय गेली, हे तिनं मला सांगितलं ते अगदी सहज, बाजारात कोथिंबीर मिळाली नाही असं सांगावं तसं. ते मला जास्त लागलं. "जगेल का?" मी विचारलं.

"माहीत नाही. उद्या सकाळी तिनं आपणहून वैरणीला तोंड लावलं तर जगेल. नाही लावलं तर मला करण्यासारखं काही उरलेलं नाही."

त्या संध्याकाळी वस्तीवर दिवे लागले, पण फटाका एकही वाजला नाही.

गोठ्यात

नरकचतुर्दशीची अंघोळ आम्ही उजाडताना उरकली. उटण्याचा वास अंगाला होता. गोठ्यात गेलो तर बिजली उभी होती, पण मान खालीच. वासरू तिच्या गळ्याशी पडून होतं. रुक्मिणनं कडब्याची बुचकी पुढे टाकली होती ती तशीच पडून होती.

अंगणात बाया येऊन उभ्या होत्या. पुन्हा सगळ्या. यावेळी कुणाच्या हातात ताट नव्हतं. नुसत्या उभ्या.

"हातानं भरवून बघायचं का?" रुक्मिणनं विचारलं.

"बघा," केतकी म्हणाली. "पण एक मूठ. कोरडा कडबा, तोही बारीक चुरलेला. फक्त एकच मूठ, आणि एकानंच."

हे ऐकून बायांचे चेहरे असे झाले की मला त्यांच्याकडे बघवेना. ज्यांच्या हातून हे घडलं होतं त्या प्रत्येकीला ते स्वतःच्या हातानं निस्तरायचं होतं. "माझ्या हातून द्या ना, बाई," ती पोरसवदा सून म्हणाली. "मी लई दिलं होतं." काल तिला ते बोलायचं नव्हतं. आज बोलली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

"एका मुठीनं कुणाचं मन भरतंय?" गिरजाबाई हळूच म्हणाल्या. मग क्षणभर थांबून त्यांनी रुक्मिणला पुढे केलं. "तू घे मूठ. गाय तुपली हाय." रुक्मिणनं मूठ घेतली. गिरजाबाईंनी तिच्या कोपराला हात लावला, नवरा होमात आहुती देतो तेव्हा बायको लावते तसा. "या," त्या मागे वळून म्हणाल्या. "लावा हात. सगळ्यांची मिळून एक."

एकीनं गिरजाबाईंच्या दंडाला हात लावला, तिच्या दंडाला दुसरीनं, दुसरीच्या तिसरीनं. रांग गोठ्यातून बाहेर आली, हौदाला वळसा घालून अंगणात पोचली. दत्ताही कुठेतरी मध्ये उभा राहिला, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. केतकी रांगेत नव्हती. ती बिजलीच्या कुशीजवळ, टाक्यांवर नजर ठेवून होती. "मावशी, तुम्ही काहून लांब? तुमची बी लापशी हाय," कुणीतरी म्हणालं. मी शेवटी जाऊन उभी राहिले आणि पुढच्या बाईच्या दंडाला हात लावला. कालच्या काळ्या गाईची मालकीण होती ती. तिचा दंड गार होता.

मला तिथून काही दिसत नव्हतं. तुळशीवृंदावन, गोठ्याचा पत्रा आणि पुढच्या पाठी. बराच वेळ काही झालं नाही. वाऱ्यानं कापसाच्या पऱ्हाट्या वाजत होत्या. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

मग रांगेत पुढे काहीतरी हललं. गोठ्यातून कुणीतरी मागे वळून पुटपुटलं, ते तिच्या मागचीनं पुढे सांगितलं, तिच्या मागचीनं तिच्या मागचीला. आवाज हौदाला वळसा घालून येताना मी ऐकत होते. माझ्या पुढच्या बाईनं मान वळवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"घेतला," ती म्हणाली. "चावून राह्यली."

माझ्या मागे सांगायला कुणी नव्हतं, तरी मी वळले आणि मोकळ्या अंगणाला ते मोठ्यानं सांगितलं.